चोवीस लाल फरश्या

"संगमरवर चुकत नसतो, मॅडम," आबासाहेब म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी पाटीवरची धूळ पुसली.

हिंगणमाळच्या ज्युनिअर कॉलेजात रुजू होऊन मला तीन दिवस झाले होते. साल सत्त्याण्णव. आबासाहेब शेडगे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पासष्टी ओलांडलेली, धोतर, पांढरा सदरा आणि पायात करकरणाऱ्या वहाणा. बारावीच्या वर्गाच्या दाराशेजारी भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली होती आणि तिच्यावर काळ्या अक्षरांत कोरलं होतं:

गुणाकारातील बदल = पहिल्यातील बदल × दुसऱ्यातील बदल
कै. रामजी बाळा शेडगे यांच्या स्मरणार्थ

रामजी शेडगे म्हणजे आबासाहेबांचे वडील. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार वरच्या ओळीबद्दल होती.

"आबासाहेब, हा नियम चुकीचा आहे," मी म्हणाले.

ज्यांनी बारावीनंतर गणिताकडे पाठ फिरवली त्यांच्यासाठी सांगते. दोन गोष्टींचा गुणाकार केला आणि त्या दोन्ही बदलत असल्या, तर गुणाकार किती बदलतो, याचा एक नियम आहे. पुस्तकात त्याला प्रॉडक्ट रूल म्हणतात. पहिल्यातला बदल घ्यायचा, त्याला दुसऱ्यानं गुणायचं. मग पहिला तसाच ठेवून त्याला दुसऱ्यातल्या बदलानं गुणायचं. आणि दोन्हींची बेरीज. पेपरात यावर हमखास प्रश्न येतो, आणि दर वर्षी निम्मी पोरं आळसानं नुसते दोन बदल एकमेकांना गुणून मोकळी होतात. पण ती हे वहीत करतात आणि खोडरबरानं ते जातं. इथे ते दगडात केलं होतं.

मी खडू घेतला आणि आबासाहेबांना फळ्यावर करून दाखवलं. क्षचा वर्ग गुणिले क्षचा घन, म्हणजे क्षचा पाचवा घात. त्याचं उत्तर सरळ आहे, पाच क्षचा चौथा घात. माझ्या नियमानं केलं की दोन आणि तीन मिळून बरोबर पाच येतात. पाटीच्या नियमानं केलं की दोन गुणिले तीन, सहा येतात, शिवाय घातही घसरतो.

आबासाहेबांनी फळ्यावरच्या पाचावर बोट ठेवलं, मग सहावर.

"म्हंजे बोर्ड पाच देतंय आणि आमची पाटी सहा देतीय," ते म्हणाले. "पोरास्नी एक जास्तीचा मिळतोय. तुमचं दुखतंय कुठं?"

आणि वहाणा करकरवत ते निघून गेले.

प्राचार्य वाघचौरे सरांनी मला त्याच दुपारी बोलावलं. सर इतिहासाचे. सज्जन माणूस, पण कुठलंही वाक्य बोलून झालं की ते परत घ्यायची त्यांना सवय होती.

"पाटीचा विषय सोडून द्या, मॅडम," ते म्हणाले. "मी असं म्हणालो नाही असं समजा."

मग त्यांनी दार लोटलं आणि पाटीची हकिगत सांगितली. चार वर्षांपूर्वी विज्ञान शाखा सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला मंत्री येणार होते. आमच्या संस्थेचा रिवाज असा की कुणाच्या तरी नावाशिवाय वस्तू बसवायची नाही. घंटा आबासाहेबांच्या आत्याच्या स्मरणार्थ होती, पाण्याची टाकी सरपंचांच्या सासऱ्यांच्या, आणि मुलींच्या स्वच्छतागृहावर खजिनदारांच्या थोरल्या बंधूंचं नाव होतं. तेव्हा विज्ञान शाखेला आबासाहेबांच्या वडिलांचं नाव आलंच. सोबत काहीतरी गणिताचं हवं, म्हणून तेव्हा गणित शिकवणाऱ्या कदम सरांनी कागदावर हा नियम लिहून दिला. अगदी बरोबर दिला होता. पण पाट्या कोरणाऱ्या धनपालकडे जो दगड होता तो आखूड निघाला. नाव कमी करू की नियम, असं धनपालनं विचारलं. आबासाहेब म्हणाले, नावाला हात लावायचा नाही, नियमाच्या दोन्ही कडा ठेव आणि मधलं काढून टाक.

मी मनातल्या मनात मधलं काढून पाहिलं. 'पहिल्यातील बदल × दुसरा + पहिला × दुसऱ्यातील बदल' यातलं मधलं 'दुसरा, अधिक, पहिला, गुणिले' गेलं की खरोखर पाटीवरचीच ओळ उरत होती. त्या माणसानं किती नेमकं कापलं होतं हे बघून मला थोडं कौतुकही वाटलं.

"आणि कदम सर गप्प बसले?"

"अनावरण झालेलं. मंत्र्यांनी टाळ्या वाजवलेल्या," सर म्हणाले. "कदम सर वर्षभर पाटीचा नियम शिकवायचे. परीक्षा जवळ आली की एक दिवस खिडक्या लावून घ्यायचे आणि पोरांना बोर्डाचा नियम सांगायचे. त्या दिवशी जो गैरहजर राहिला, तो गेला."

"मला हे जमणार नाही, सर."

सरांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत माझ्या नावाचा टाइप केलेला कागद होता. कायम नेमणुकीचा आदेश. खाली अध्यक्षांच्या सहीची जागा रिकामी होती.

"वर्षाअखेर यावर सही व्हायची आहे," सर म्हणाले. त्यांनी ड्रॉवर हळूच बंद केला. "मी हा दाखवला नाही असं समजा."

त्या कागदाचं मोल मला चांगलं कळत होतं. मी तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जून ते एप्रिल माणूस आणि मे महिन्यात कुणी नाही. इचलकरंजीत वडिलांचे माग बंद पडून दोन वर्षं झाली होती आणि घर माझ्यावर चाललं होतं. कायम व्हायला दुसरी जागा पंचक्रोशीत नव्हती. पण माझा स्वभाव आडमुठा. आई म्हणायची, हिला विहिरीत ढकलली तरी ती खोली मोजून वर येईल.

मी खिडक्या उघड्या ठेवून खरा नियम शिकवला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पोरांना पाटीसमोर उभं करून 'यात काय चुकलंय' हा गृहपाठ मी दिला. पोरांनी तो मनापासून केला. घरी जाऊन आईबापांनाही समजावून सांगितला. दिवाळीनंतर गावात दोन तट पडले. पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीवर, लोक गुणाकारातल्या बदलावर बोलत होते. ज्यांच्या नातेवाइकांच्या पाट्या कॉलेजात होत्या ते सगळे संगमरवराच्या बाजूचे होते. आज नियम चुकीचा म्हणाल, उद्या मयतच चुकीचा म्हणाल, असा त्यांचा मुद्दा होता.

डिसेंबरात मला संस्थेच्या सभेत बोलावलं. सात सदस्य, वाघचौरे सर आणि दाराशी उभा असलेला शिवाप्पा गवंडी. शिवाप्पा दुसऱ्याच कामासाठी आला होता. विद्यार्थी वाढले म्हणून प्रार्थनेचं फरशीचं अंगण वाढवायचं होतं, आणि किती फरश्या लागतील ते तो सांगणार होता.

आबासाहेबांनी पान लावता लावता विषय काढला.

"मॅडम, अंगण साठ फूट लांब हाय, चाळीस फूट रुंद. लांबीला सहा फूट वाढवायचं, रुंदीला चार. फरशी एक फूट बाय एक फूट. लांबी गुणिले रुंदी, म्हंजे गुणाकारच की न्हाई?"

"गुणाकारच."

"आणि दोन्ही बदलणार. मग नव्या फरश्या किती ते तुमी तुमच्या नियमानं सांगा, मी पाटीच्या सांगतो. दोघांच्या फरश्या आणू. ज्याच्या बरोबर बसतील त्याचा नियम खरा. तुमचा खरा निघाला तर पाटी काढून तुमच्या कागदावर सही करतो. चुकला तर पाटी ऱ्हाईल आणि एप्रिलात तुमी जावा."

सभेनं माना डोलावल्या. वाघचौरे सर ठराव लिहून घेऊ लागले. मला वाटलं, वाघ आपण होऊन पिंजऱ्यात आला.

"घाई न्हाई," आबासाहेब म्हणाले. "घरी जाऊन करा. टेप पाहिजे तर घेऊन जावा. मोजा, कागदावर काढा."

"त्याची गरज नाही."

"रविवारपत्तूर सांगितलं तरी चालंल."

"आबासाहेब, याला अर्धं मिनिट लागतं," मी म्हणाले. "साठ गुणिले चार, दोनशे चाळीस. चाळीस गुणिले सहा, दोनशे चाळीस. चारशे ऐंशी."

दाराशी शिवाप्पा खाकरला. "बाई, त्यो कोपरा..."

"शिवाप्पा, जरा थांबा. नियमाचं चाललंय," मी म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की मी एकटी असले तरी पदर तोंडावर घेते.

"नक्की का?" आबासाहेबांनी विचारलं.

"नक्की."

"पुन्हा एकदा बगा."

"चारशे ऐंशी," मी म्हणाले.

आबासाहेबांनी सुस्कारा सोडला. मला वाटलं, हरण्याचा. मग त्यांनी आपला हिशोब सांगितला. सहा गुणिले चार, चोवीस. अख्खं अंगण दोन बाजूंनी वाढवायचं आणि फरश्या चोवीस. मला हसू आवरेना. सभेतलं कुणी हसलं नाही. खजिनदार तर म्हणाले की चोवीस ठीक वाटतात, उगाच साठा कशाला.

माझ्या फरश्या काळ्या शहाबादी आणल्या आणि आबासाहेबांच्या लाल, म्हणजे कुणाच्या किती यात घोळ नको. जानेवारीत एका सकाळी प्रार्थना झाल्यावर सगळं कॉलेज अंगणाभोवती जमलं. सभेचे सदस्य खुर्च्या टाकून बसले. गावातूनही माणसं आली होती आणि एकानं भुईमुगाच्या शेंगांची पाटी आणली होती. शिवाप्पा म्हणाला की आधी कोरड्याच मांडून बघू, सिमेंटचं नंतर. पोरांनी रांग धरली आणि काळ्या फरश्या हातोहात पुढे येऊ लागल्या.

आधी लांबीच्या टोकाला, चाळीस फुटांच्या बाजूनं, सहा ओळी बसल्या. दोनशे चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. बारावीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग रुंदीच्या बाजूला, साठ फुटांच्या कडेनं, चार ओळी सुरू झाल्या. पोरं मोठ्यानं मोजत होती. मी वाघचौरे सरांच्या शेजारी उभी होते आणि ड्रॉवरमधला कागद माझ्या डोळ्यांसमोर दिसत होता. चारशे अठ्ठ्याहत्तर, चारशे एकोणऐंशी, चारशे ऐंशी. शेवटची फरशी बसली.

आणि कोपऱ्यात जमीन उघडी होती.

दोन्ही पट्टे जिथे एकमेकांना भेटायला हवे होते तिथे ते भेटतच नव्हते. मध्ये सहा फूट बाय चार फूट माती होती, आणि कुणाचं तरी कुत्रं येऊन तिच्यावर बसलं.

मला सगळं एका क्षणात कळलं, आणि ते शिवाप्पाला महिन्यापूर्वीच कळलेलं होतं. प्रॉडक्ट रूल कोपरा मोजतच नाही. बदल अगदी लहान असला, केसाएवढा, तर कोपरा इतका बारीक असतो की तो सोडून द्यायचा असतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, नगण्य. मीच दर वर्षी फळ्यावर तो चौकोन काढून हातानं पुसून टाकते. पण सहा फूट म्हणजे केस नव्हे. सहासष्ट गुणिले चव्वेचाळीस, वजा साठ गुणिले चाळीस, एवढं चौथीतल्या पोरानं केलं असतं तरी पाचशे चार आले असते. मी एम.एस्सी. होते, म्हणून मी नियम लावला.

"ठरावाप्रमाणे..." वाघचौरे सर कागद काढून म्हणाले, आणि त्यांना पुढे वाचवेना. "मी काही पाहिलं नाही असं समजा."

गावकऱ्यांतून कुणीतरी म्हणालं, बाई गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इचलकरंजीला काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात होता.

"आबा, तुमच्या लाल किती?" शिवाप्पानं विचारलं.

"चोवीस," आबासाहेब म्हणाले. ते कपाळाला हात लावून बसले होते.

शिवाप्पानं कुत्र्याला हाकललं आणि लाल फरश्या मांडायला घेतल्या. एका ओळीत सहा, अशा चार ओळी. शेवटची फरशी त्यानं थापीच्या दांड्यानं हलकेच सरकवली आणि ती चपखल बसली. अंगण पुरं झालं. दोन बाजूंना काळं आणि कोपऱ्यात लाल.

शेंगा फोडायचा आवाजही थांबला. मग खजिनदार म्हणाले की ठरावात 'ज्याच्या बरोबर बसतील' असं आहे, आणि दोघांच्याही बरोबर बसल्या. दुसरे सदस्य म्हणाले की दोघांनाही एकट्यानं अंगण भरता आलं नाही, म्हणून दोघंही चुकले, तर पाटीही काढावी आणि मॅडमलाही काढावं. यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी आबासाहेब उठले.

"सगळी जेवून या. दुपारी बघू," ते म्हणाले. "मॅडम, तुमी थांबा."

अंगण रिकामं झालं. आबासाहेब वहाणा काढून लाल कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं आता टोमणा येणार.

"कळतंय का, काय केलंत तुमी?" ते म्हणाले. "मला हरायची एवढी सोय करून ठेवली हुती, आणि तुमी चोवीस फरश्या कमी आणल्या."

मी डोळे पुसले.

"त्या पाटीत चूक हाय हे मला पहिल्या वर्षीच ठावं हाय. कदम सर रडले हुते माझ्यापुढं. पर मंत्र्यानं पडदा ओढला, बापाचं नाव खाली. मी आपणहून पाटी काढली तर गाव म्हणंल, शेडग्यानं बापाला भिंतीवरनं उतरवला. म्हणून म्हटलं, कुणीतरी भांडखोर माणूस यावं आणि मला सभेत हरवून जावं. चार वर्सं वाट बघितली. तुमी आलात, मला लई आनंद झाला. म्हटलं ही बाई हरवणार. तीनदा विचारलं तुमाला. टेप देतो म्हणलो. रविवार दिला."

"तुम्हाला पाचशे चार माहीत होते?"

"सगळा जलम वीटभट्टी केली, बाई. फरसबंदीचं गणित मला येत न्हाई व्हय?"

मी तिथेच फरशीवर बसले. हसू आणि रडू एकदमच आलं. आबासाहेबही खाली बसले, धोतर आवरत, आणि त्यांनी कमरेची चंची काढून सुपारी कातरायला घेतली. मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता आणि तो इतका आवडलाही नव्हता.

"आता काय करायचं?" ते म्हणाले. "ठराव झालाय. पाटी ऱ्हाईली तर तुमी जाणार."

मी लाल फरश्यांकडे बघत होते. आठ महिने जी पाटी उतरवायचा मी ध्यास घेतला होता तिच्याबद्दल मी म्हणाले, "पाटी काढू नका. तिच्याखाली दुसरी लावा. 'अधिक' म्हणून सुरुवात करा आणि कापण्याआधीचा पुरा नियम घाला. वरची पाटी म्हणजे हा लाल कोपरा. खालची म्हणजे हे दोन काळे पट्टे. दोन्ही मिळून पाचशे चार. तुमच्या वडिलांचं नाव जिथे आहे तिथे राहील आणि भिंतीवर एक अक्षर चुकीचं राहणार नाही."

आबासाहेबांचा अडकित्ता थांबला. तोंडातल्या तोंडात त्यांनी दोन्ही पाट्या म्हणून बघितल्या.

"बसतंय," ते म्हणाले. "पर एक अडचण हाय. पाटी म्हटली की नाव पाहिजे. आमच्याकडं आता मयत शिल्लक न्हाई कुणी. सगळी वापरून झाली."

"नावाशिवाय लावा."

"तसं चालत न्हाई," ते ठामपणे म्हणाले. थोडा विचार करून म्हणाले, "तुमचंच टाकतो. सौजन्य म्हणून."

दुपारी सभेनं ठराव केला. तो कार्यवृत्तात आजही आहे. 'अध्यक्षांच्या फरश्या व मॅडमच्या फरश्या मिळून अंगण पूर्ण झाल्याने, पाटी व मॅडम दोघींनाही कायम करण्यात येत आहे.' वाघचौरे सरांनी ड्रॉवरमधला कागद आणला, आबासाहेबांनी शिवाप्पाच्या फळीवर ठेवून सही केली, आणि सर म्हणाले, "अभिनंदन, मॅडम." ते वाक्य तेवढं त्यांनी परत घेतलं नाही.

फेब्रुवारीत धनपालनं पाटी आणली. या वेळी दगड लांब घ्यायला मी स्वतः सांगून आले होते, आणि नियमाचा कागद तीनदा वाचून घेतला होता. पोतं सोडलं. नियम अक्षर न् अक्षर बरोबर होता. अधिक होतं, दुसरा होता, पहिला होता, सगळं होतं. मी समाधानानं खालच्या ओळीकडे वळले.

कै. उज्ज्वला दत्तात्रय तोडकर यांच्या स्मरणार्थ

"धनपाल," मी म्हणाले, "हे काय?"

धनपालनं वाचलं आणि तो कावराबावरा झाला. "तीस वर्सं पाट्या कोरतोय, बाई. नावाआधी त्ये आपोआप येतंय हातातनं," तो म्हणाला. "तुमी हैसा व्हय अजून?"

मी आबासाहेबांकडे बघितलं. त्यांनी ओळ सावकाश वाचली. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पाटीवरची धूळ पुसली.

"संगमरवर चुकत नसतो, मॅडम," ते म्हणाले.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून मी त्या पाटीशेजारून रोज वर्गात शिरते. नव्या पोरांना पहिला आठवडा जरा अवघड जातो. एकीनं तर घरी सांगितलं की आम्हाला वारलेल्या बाई शिकवतात, आणि तिची आई खात्री करून घ्यायला आली. परीक्षा जवळ आली की मी पोरांना सांगते, वरची पाटी अंगणासाठी, खालची बोर्डासाठी, पेपरात वरची लिहायची नाही. हे सांगताना मी खिडक्या लावून घेते. का ते मला विचारू नका.

आबासाहेब रोज प्रार्थनेला यायचे आणि लाल कोपऱ्यात उभे राहायचे. दुसरं कुणी तिथे उभं राहत नसे. गेल्या पौषात ते गेले. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा कॉलेजात आला. आता तो अध्यक्ष आहे, शिकलेला, नम्र माणूस. आबांच्या नावाची नवी पाटी करायची होती, त्याबद्दल विचारायला आला होता.

"आणि मॅडम, त्याच वेळी तुमच्या पाटीवरचं ते 'कै.' पण घासून घेऊ," तो म्हणाला. "आबांनी उगाच थट्टा म्हणून ठेवलं होतं. तुमची निवृत्ती जवळ आली. बरं दिसत नाही."

मी पाटीपाशी गेले. वर रामजी बाळा शेडगे, खाली मी. पदरानं मी दोन्ही पाट्यांवरची धूळ पुसली.

"राहू दे," मी म्हणाले. "संगमरवर चुकत नसतो."

तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. पोरं अंगणात ओळी धरून उभी राहिली. लाल कोपरा रिकामा होता. मी चपला काढल्या आणि तिथे जाऊन उभी राहिले.